जिभाऊंची जीभ

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षे टाळली. मागच्या महिन्यात कळसाडीहून पत्र आले, जिभाऊंच्या मुलाचे. 'जिभाऊ गेले. शेवटी शेवटी तुमची आठवण काढत होते.' त्यानंतर गप्प बसवेना.

आमच्या खानदेशात वडीलधाऱ्याला जिभाऊ म्हणतात. पण या जिभाऊंची जीभच प्रसिद्ध होती. उसाचे एक पेर बुडख्याचे, एक शेंड्याचे चघळून ते सांगत, पीक निरोगी आहे की आतून बिघडले आहे. लोणखेड्याचे लोक गाडी पाठवून त्यांना नेत. युद्धाची वर्षे होती. मी शेती खात्यात मदतनीस होतो आणि माझ्याकडे रसातली साखर मोजायची नळी होती. लोक तिला दुर्बीण म्हणत. काचेवर रसाचा थेंब टाकून डोळा लावला की साखरेचा आकडा दिसे. त्या साली उसावर कुजीचा रोग होता; त्याने रसातली साखर घटते. ज्या शेताचा आकडा कमी येईल, ते जाळायचा हुकूम होता.

जिभाऊंच्या शेतावर पोचलो तेव्हा ऊन चढले होते. त्यांच्या पत्नीने पाण्याचा तांब्या पुढे केला. दुर्बीण आधी साध्या पाण्याच्या थेंबावर शून्याला लावावी लागते. मी त्याच तांब्यातला थेंब टाकला, स्क्रू फिरवून शून्य लावले आणि मग रस पाहिला. आकडा फारच खाली होता.

"साहेब, मन्हा ऊसले काय व्हयेल नही," जिभाऊ म्हणाले. "एक पेर चाखी तर देखा."

मी चाखले नाही. जमलेल्या लोकांकडे वळून म्हणालो, "जिभाऊनी जीभ बळी गई, आते निस्ता भाऊ ऱ्हायना."

जीभ जळून गेली, आता नुसता भाऊ उरला; लोक खदखदून हसले. जिभाऊही हसले, पाहुण्याचा मान म्हणून...

एका बाजूचे पाचट पेटले आणि मला तहान लागली. तांब्या तोंडाला लावला. पाणी गोड होते. उन्हातून आलेल्या माणसासाठी त्या बाईने त्यात गूळ विरघळवला होता. गोड पाण्यावर शून्य लावले, म्हणजे रसाचा आकडा तेवढा खाली येणारच. अजून तीन बाजू शाबूत होत्या; हाक मारली असती तर लोकांनी आग आवरली असती. मी सगळे पाणी पिऊन टाकले.

माझी बदली झाली, माझा विनोद मात्र गावात राहिला. जिभाऊंना पुन्हा कोणी गाडी पाठवली नाही. त्यांनी ऊस लावणेही सोडले.

दोन वर्षांपूर्वी मी मुद्दाम गेलो. ते खाटेवर बसले होते. सुनेने चहा आणला. त्यांनी आपला कप तसाच माझ्यापुढे धरला.

"साहेब, जरासा चाखी सांगा. गोड शे ना? मन्ही जीभनं काही खरं नही."

"कोनी बी येवो, असंच इचारतस," सून हसत म्हणाली.

मी घोट घेतला. "शे, जिभाऊ. गोड शे."

मी सांगितले म्हणून ते निर्धास्तपणे पिऊ लागले. 'जिभाऊ, मन्हं चुकनं,' एवढेच पुढे म्हणायचे होते...