भुऱ्याच्या पोटातली कोय

ये वो सुनंदे, मांडवातली ती खुर्ची ओढ अन् बस माह्याजवळ. अन् दात नको काढू! कुत्र्याचं झालं म्हणून ते काय ऑपरेशन नसते का? आमच्या घराण्यात दुर्बिणीनं ऑपरेशन झालेला पहिला मानूस म्हणजे आमचा भुऱ्या कुत्रा.

त्यानं आंब्याची कोय गिळली. ती पोटात अडकली. पाणी पेला तरी ओकून टाके, डोळे पार खोल गेले. माहा पोरगा विलास त्याले अकोल्याच्या डॉक्टरकडे दाखवून आला. डॉक्टर म्हणे, पोट फाडाचं नाही. तोंडातून नळी घालू, तिच्या टोकाले कॅमेरा, चिमट्यानं कोय ओढू.

"पोट चिराची हिंमत नाही, अन् म्हणे सर्जन!" मी म्हटलं. "माह्या पोटावर पाहा, वीतभर टाके! त्याले म्हणतात ऑपरेशन!"

"आई, उद्या न्यायचं हाय. त्याले उपाशी ठेवजो."

आता तूच सांग! मोठ्या कामाले निघालेल्याच्या हातावर दही-साखर नाही ठेवायची? (विलास पोरगी पाहाले निघाला तवाही ठेवली होती. तिथं दह्याचा दोष नाही, सुनेचा हाय!) सकाळी निघता निघता ठेवलं चमचाभर. भुऱ्यानं चाटलं, शेपटी हलवली. मंग नुसत्या दह्यावर कोणी निघते का? दिल्या वाटीभर दूध-शेवया!

दवाखान्यात डॉक्टरनं सुई भरता भरता विचारलं, "पोट रिकामं आहे ना?"

"एकदम!" विलास म्हणाला.

तेवढ्यात भुऱ्यानं मान वर केली, अन् सगळ्या शेवया डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर!

"हे काय?"

"शेवया," मी सांगतलं. "घरच्या हायेत."

"आजी, भूल दिल्यावर हे श्वासात गेलं असतं तर कुत्रा मेला असता! आणि या शेवयांत कॅमेऱ्याला कोय दिसली असती का?"

"मंग कसला रे तुमचा कॅमेरा? मले चष्म्यातून डाळीतला खडा दिसते!"

पण भुऱ्या टेबलावर थरथरत पडला होता, अन् विलास माह्याकडं पाहात नव्हता. तवा मात्र मी पदरानं भुऱ्याचं तोंड पुसलं.

"उद्या आणा," डॉक्टर म्हणे. "आणि आजींना घरी ठेवा."

दुसऱ्या दिवशी कोय निघाली. ना चिरा, ना टाका! संध्याकाळी भुऱ्या आपल्या पायानं चालत घरात आला. पेशंटले शोभते का हे?

पण तवापासून घरातलं कोणी साधं रक्त तपासाले निघालं तरी सून आधी मले चुलीपासून उठवते! म्हणून म्हणतो, इथलं लगीन आटोपलं का लवकर ये माह्या घरी चार दिवस राहाले. अन् येशीन त धडधाकट ये बाई. तुह्या निमित्तानं तरी मले कोणाले पोटभर खाऊ घालू देतीन!