दोन डिग्र्या आणि इंग्लंडचे पाहुणे

माझं इंग्लंडचं शिक्षण बघण्याच्या कार्यक्रमात मोडलं आणि माझं लग्न इंजिनिअरिंगच्या मुलाखतीत ठरलं. दोन्ही कामं एकाच दिवशी, कराडच्या आमच्या घरी, एकाच सतरंजीवर झाली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीच्या कॉलेजातून नुकतीच इंजिनिअर झाले होते. त्याच सुमारास कॉलेजनं इंग्लंडातल्या एका विद्यापीठाशी करार केला. एम.ई.चं पहिलं वर्ष सांगलीत, दुसरं तिकडे, मधले काही महिने आपल्याकडच्या कारखान्यांत काम, आणि शेवटी दोन्ही ठिकाणची एकेक पदवी. कारखाने खर्चाचा वाटा उचलणार होते, म्हणून विद्यार्थी निवडतानाही त्यांचा माणूस बसायचा. माझं नाव शेवटच्या यादीत होतं. मुलाखत सोमवारी, सांगलीत.

माझ्या वडिलांचं, म्हणजे नानांचं, कराडात कापडाचं दुकान. एकाच कामात दोन डिग्र्या मिळणार ही गोष्ट त्यांना मनापासून पटली होती. पण इंग्लंडला मुलगी एकटी जाणार, हे काही त्यांच्या गळी उतरेना. त्यांनी एक तोडगा काढला. साताऱ्याचं एक स्थळ आलं होतं, मुलगा इंग्लंडातच नोकरीला. मुलाची आई आणि मामा रविवारी दुपारी चारला मला बघायला येणार होते.

"जायचंय ना तुला इंग्लंडला? मग लग्न करून जा," नाना म्हणाले. "जाणं एकच, कामं दोन."

मी चिडले. मुलाचा फोटो आला होता, तो मी पाहिलासुद्धा नाही. आणि एक बेत केला. बघायला येणाऱ्या मंडळींना अशी उत्तरं द्यायची की त्यांनी चहाही अर्धा सोडून उठावं. (बेत उत्तम होता. फक्त तो चुकीच्या माणसांवर पडला.)

गल्लीत फोन एकच, शेजारच्या शांताकाकूंकडे. रविवारी सकाळी काकू पदराला हात पुसत आल्या.

"आवं नाना, फोन आलावता. इंग्लंडच्या बाई आन् कारखान्याचं सायेब येतायत. तुमच्याच घरी. अकरा वाजता."

"अकराला? चारला येणार होते ना?"

"मला काय ठावं? वाटंवर कराड हाय म्हनं, मग जाता जाता पोरीला बघून घेऊ म्हनाले."

आई पोह्यांच्या मागे लागली आणि मला साडीत गुंडाळण्यात आलं. मुलाची आई साताऱ्यालाच राहते, ती इंग्लंडची बाई कशी झाली, असं आईनं विचारलं. नाना म्हणाले, "मुलाकडे जाऊन आली असेल." विषय संपला.

अकराला पांढरी गाडी आली. आखूड केसांच्या, सुती साडीतल्या एक बाई उतरल्या, आणि त्यांच्यामागून चष्मेवाले गृहस्थ. बाई मराठीच बोलत होत्या. त्यांनी "मी डॉक्टर..." म्हणून सुरुवात केली, तेवढ्यात नानांनी हात जोडले.

"ओळखी कसल्या करून देता? सगळं ठाऊक आहे आम्हांला. बसा."

मी पोहे घेऊन बाहेर आले. बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "इंग्लंडला का यायचंय तुला?"

"मला यायचंच नाही," मी म्हणाले.

बाईंच्या हातातला चमचा थांबला. "मग तुझं नाव पुढं कसं आलं?"

"घरच्यांनी घातलं."

नानांना ठसका लागला. चष्मेवाल्यांनी विषय बदलला. "आमच्या पंपांच्या कारखान्यात काही महिने काढावे लागतील. चालेल?"

मला वाटलं, मामांऐवजी सासरेच आलेत आणि सुनेला कारखान्यात राबवणार. "अजिबात चालणार नाही," मी म्हणाले.

"बरं, पंपात कॅव्हिटेशन कशामुळे होतं, ते सांग."

हा प्रश्न ऐकून मी थक्क झाले. बघायला आलेले लोक गाणं म्हणायला लावतात, चालून दाखवायला सांगतात, हे ऐकलं होतं. हे घराणं फारच पुढचं निघालं. शेवटच्या वर्षाचं माझं सगळं काम कॅव्हिटेशनवरच होतं. झोपेतही सांगितलं असतं. पण बेत म्हणजे बेत.

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "पोहे छान झालेत." आणि उठल्या. जाताना दाराशी नानांना म्हणाल्या, "मुलीवर जबरदस्ती करू नका." नानांनी मान खाली घातली. मी आतल्या खोलीत जाऊन आनंदानं उरलेले पोहे खाल्ले.

 चारला घरासमोर एक जीप उभी राहिली. तिच्यावर फलटणकडच्या एका साखर कारखान्याचं नाव होतं. जीपमधून मिशीवाले साहेब आणि करड्या केसांच्या एक बाई उतरल्या. साहेब म्हणाले, "मी कारखान्यात चीफ इंजिनिअर. या आमच्या ताई, कॉलेजात शिकवतात."

आता सांगा, मी काय समजणार? पाहुणे सकाळीच येऊन गेलेले. कराराच्या कारखान्यांत साखर कारखानेही होते. कॉलेजातल्या सरांनी मुलाखतीची मंडळी एक दिवस आधी घरीच पाठवली असणार. मी नानांच्या कानात म्हणाले, "मुलाखतीचे लोक आलेत. तुम्ही मध्ये बोलू नका." सकाळच्या प्रकारानं खचलेले नाना गप्प बसले.

ताई म्हणाल्या, "इंग्लंडला राहावं लागेल हं. थंडी फार असते."

"थंडीचं काही नाही. मन लावून राहीन."

"आणि दोन्हीकडचं सांभाळावं लागतं. इकडचंही, तिकडचंही."

"त्यासाठीच तर मी यात पडले," मी म्हणाले. "दोन्ही ठिकाणचं नाव राखीन."

ताईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "तुला आमच्या कारखान्यातलं काही कळतं का?"

मी वाटच बघत होते. बॉयलरपासून सुरुवात केली. उसाचं चिपाड ओलं असलं तर आच का धरत नाही, वाफ कुठं वाया जाते, ती कशी वाचवता येईल, सगळं सांगितलं. साहेब पुढं सरकून बसले. आमचं बोलणं पंपांवर गेलं, तेव्हा मी न विचारता कॅव्हिटेशनही समजावलं. दाब उतरला की पाण्यात बुडबुडे होतात, ते फुटतात आणि पंपातल्या पात्यांना खड्डे पाडतात. समजावायला मी चहाच्या बशा वापरल्या.

"ताई, मला तर पसंत आहे," साहेब म्हणाले.

"मलाही. तुझं काय म्हणणं, बाळ?"

"मला मान्य आहे," मी म्हणाले. "कधीपासून सुरू करायचं?"

त्यावर सगळे हसले. ताईंनी पिशवीतून साडी आणि नारळ काढला, मला कुंकू लावलं. मला भरून आलं. इतकं संस्कारी विद्यापीठ असेल असं वाटलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडले.

साहेब नानांना म्हणाले, "आता महेशला कळवतो."

"महेश कोण?" मी विचारलं.

"अगं, मुलगा."

माझ्या हातात नारळ तसाच. आई स्वयंपाकघराच्या दारात. 

"मग सकाळी कोण आलं होतं?" मी नानांना विचारलं.

नानांनी शांताकाकूंना हाक मारली. काकू म्हणाल्या, "सांगलीच्या कालिजातनं फोन आलावता. म्या तसंच सांगितलं की. इंग्लंडच्या बाई आन् कारखान्याचं सायेब. त्यात माझं काय चुकलं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी सतरंजीवर बसकण मारली आणि रडायला लागले. रडत रडत ताईंना सगळं सांगितलं. सकाळी कुणाला काय बोलले, का बोलले, आणि आत्ताचा होकारही त्यांना नव्हे, विद्यापीठाला होता, हेही. एवढं ऐकून त्या उठून जातील असं वाटलं. त्या हसत सुटल्या. हसून हसून त्यांना पदरानं डोळे पुसावे लागले.

"लग्नाचं राहू दे बाजूला," त्या म्हणाल्या. "अरे, जीप काढ. त्या बाई सांगलीत कुठंतरी उतरल्या असतील ना?"

अशा रीतीनं मला बघायला आलेली मंडळी मला मुलाखतीला घेऊन निघाली. मी जरीच्या साडीत, शेजारी नाना, पुढे मामासाहेब. नाना वाटेत एकदाच बोलले. "नारळ घरी ठेवायचा होतास."

कॉलेजच्या अतिथिगृहात बाई व्हरांड्यातच बसल्या होत्या, शेजारी चष्मेवाले. आम्हांला बघून दोघं उभे राहिले. ताईंनीच सुरुवात केली.

"सकाळी हिनं तुम्हांला सासरची माणसं समजून उत्तरं दिली. दुपारी आम्हांला तुम्ही समजून दिली. आमची उत्तरं फार चांगली होती. ती तुम्ही ऐकून घ्या."

चष्मेवाल्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी सांगत गेले. थांबले तेव्हा ते म्हणाले, "हे सगळं सकाळी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्ही सासरे."

"मी अविवाहित आहे," ते म्हणाले.

बाईंनी मला घेतलं. मात्र नानांना बजावलं, "पुढच्या वेळी कुणी ओळख करून देत असेल तर देऊ द्यावी."

लग्नाचंही ताईंनी सरळ करून टाकलं. तिकडे जा, महेशला भेट, आवडला तर पुढं बघू. नाही म्हणालीस तर साडी तुझी. यावर नाराज व्हायला जागाच नव्हती. आता मी फोटो पाहिला. दाट केसांचा, हसरा मुलगा होता.

सांगलीचं वर्ष, कारखान्यातले महिने झाले आणि मी विमानात बसले. महेश विमानतळावर येणार होता. बाहेर आले तर एक आपल्याकडचा वाटणारा माणूस माझ्या नावाचा फलक धरून उभा. टक्कल पडलेलं. मला वाटलं, इथल्या हवेनं माणूस किती बदलतो. त्यानं सामान उचललं, मी गाडीत बसले आणि मराठीत स्पष्ट सांगून टाकलं. लग्नाची घाई करायची नाही, आधी पदवी. माझा स्वभाव तापट आहे. केसांचं मला काही वाटत नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाला, "बेटी, मराठी नहीं आती. मैं युनिव्हर्सिटी की गाडी चलाता हूं."

महेश दुसऱ्या दाराशी फुलं घेऊन उभा होता, हे मला संध्याकाळी कळलं. पुढं आमचं लग्न झालं. मला दोन विद्यापीठं का लागली, असं कुणी विचारलं की तोच उत्तर देतो. म्हणतो, प्रकरण एका विद्यापीठाला झेपण्यासारखं नव्हतं.