टाकी तिसऱ्याच दिवशी संपली

माझी नणंद, म्हणजे आमची अक्का, कुणाच्याही घरी गेली की आधी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघते. कॅलेंडरवर काय काय लिहिलंय ते सगळं वाचते आणि मग बसायला खुर्ची घेते. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मला या सवयीचा इतका राग यायचा की ती छावणीतल्या तिच्या घरून निघाली म्हटलं की मी कॅलेंडर काढून फ्रिजच्या मागं सरकवून ठेवायची. त्याच अक्काबद्दल मी आज चांगलं लिहायला बसले आहे हे तिला कळलं, तर ती म्हणेल, "आधी वरणात मीठ घालायला शिक म्हणावं."

आमच्या गारखेडा भागातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आठवड्यानं येतो, कधी त्याहूनही उशिरा. म्हणून नळ आला की मी कॅलेंडरवर निळा गोल करते आणि गच्चीवरची टाकी संपली की लाल फुली मारते. गोलापासून फुलीपर्यंत सहा-सात दिवस जातात, पाहुणे आले तर पाच. माझी नऊ वर्षांची मुलगी दात घासतानासुद्धा नळ बंद करायची, इतकं हे आमच्या अंगात मुरलेलं होतं.

आणि गेल्या थंडीत एकदा टाकी तिसऱ्याच दिवशी संपली.

पुढच्या वेळीही तेच झालं, तेव्हा मी प्लंबरला बोलावलं. त्यानं टाकी बघितली, पाइप बघितले, खालच्या मजल्यावरच्या भिंतींना हात लावून ओल शोधली. "लीकेज कहीं नहीं है भाभी," तो म्हणाला, "पाणी घरातच जायलंय." मी त्यालाच चार शब्द सुनावले आणि दुसरा प्लंबर शोधायला लागले. हे सगळं चाललं होतं तेव्हा माझी मुलगी बाथरूममध्ये होती. हात धूत होती.

पाणी कुठं जातंय ते कळल्यावर मी काय केलं? ओरडले. बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तिच्यासाठी एक बादली मोजून ठेवली. तिनं बादली संपवली आणि मग पिण्याच्या पाण्याचा माठ हातांवर ओतला. मी तिचा दंड धरून तिला ओढलं तेव्हा ती किंचाळली, "मला शिवू नको आई! माझ्या हाताला काहीतरी लागलंय. ते तुला लागलं तर तू मरशील." तिच्या बोटांच्या पेरांवर रक्त होतं. मला आजही तो दंड माझ्या मुठीत जाणवतो आणि स्वतःची चीड येते.

पुढच्या दिवसांत तिचं जेवण कमी झालं. पोळी मी केलेली असली तर नको, बाबांनी वाढलेली असली तर नको. मान सारखी एका बाजूला झटकायची. मी शिक्षिका आहे, शाळेत मुलांचं अक्षर सुधारण्यात हुशार म्हणून ओळखली जाते, आणि माझ्याच मुलीच्या वहीतलं सुंदर अक्षर रेघ सोडून वर-खाली पळायला लागलं होतं. तिचं शाळेत जाणं बंद झालं. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, परीक्षेचं टेन्शन असेल. शेवटी दीड महिन्यानं आम्ही क्रांती चौकाजवळच्या एका मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी घसा तपासला, रक्त घेतलं, खूप प्रश्न विचारले. पुढच्या खेपेला समजावून सांगितलं. घशाच्या जंतुसंसर्गाशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती चुकून मेंदूच्या एका भागालाच त्रास देत असावी, असा त्यांना संशय होता. मुलगी मुद्दाम करत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून सांगितलं. अँटिबायोटिक सुरू झालं, समुपदेशकांकडे जाणं सुरू झालं. मग त्या म्हणाल्या, "आणखी एक पर्याय आहे. स्टेरॉईडचा पाच दिवसांचा छोटा कोर्स. पण मला आधी एक नक्की सांगा. हे अचानक सुरू झालं की हळूहळू?"

"हळूहळूच," मी म्हणाले. "ती पहिल्यापासून जरा टापटिपीची आहे."

मी खोटं बोलले असं म्हणता येणार नाही, मला तेव्हा तसंच वाटत होतं. तसं वाटणं सोयीचंही होतं. अचानक म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग इतके दिवस काय करत होतात? आणि त्याचं उत्तर होतं, प्लंबर शोधत होते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. हळूहळू असेल तर निदानच डळमळतं, मग स्टेरॉईडची घाई नको, म्हणाल्या. माझ्या नवऱ्यानं तिथंच सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याला कारण होतं. आमच्या घरात स्टेरॉईड म्हणजे अक्काचा चेहरा. तिचे सांधे आखडायला लागले तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून ती एका जडीबुटीवाल्याच्या पुड्या घ्यायला लागली. दुखणं पळालं. मग चेहरा सुजून गोल झाला, कातडी कागदासारखी फाटायला लागली, हाडं ठिसूळ झाली. एके दिवशी तिनं पुड्या स्वतःच्या मनानं एकदम बंद केल्या आणि कोसळली. त्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं होतं हे दवाखान्यात कळलं. तिला रिक्षात घालून नेणारा माझा नवराच होता.

तर ही अक्का पोरीचं ऐकून पिशवी घेऊन आमच्याकडे राहायला आली. या वेळी कॅलेंडर लपवायचं मला सुचलंच नाही. तिनं भिंतीकडे बघितलं, चष्मा लावला, पान मागं उलटलं, आणखी एक उलटलं.

"ही फुली इतक्या लवकर कशी ग?"

"टाकी संपली होती. गळती वाटली मला."

"मंग पुढच्या गोलानंतरबी तिसऱ्याच दिवशी फुली. त्याच्या आधी बघ, सहा, सात, सहा. आन् इथं तूच लिवलंय, घसा, शाळेला सुट्टी. त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी प्लंबर." तिनं वाकडं बोट त्या चौकोनावर ठेवलं. "त्या आठवड्यात झालंय हे. आन् तू म्हणायलीस हळूहळू."

माझ्याच हातानं लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. ती मला एक शब्दही लावून बोलली नाही, आणि अक्काला ओळखणाऱ्यांना हे केवढं मोठं आहे ते कळेल.

कॅलेंडरची ती पानं घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि माझी चूक सांगितली. त्यांनी पानं बराच वेळ बघितली, त्यांचे फोटो काढले. अशी अचानक सुरुवात असेल तर कोर्सचा विचार करायला आधार आहे, म्हणाल्या. पण फायदा होईलच असं नाही, झाला तरी टिकेलच असं नाही. भूक वाढेल, झोप उडेल, चिडचिड काही दिवस वाढूही शकते. या आजारात खात्रीनं सांगण्यासारखं अजून थोडंच आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. दोन दिवस विचार करा, म्हणाल्या.

घरी जेवणं झाल्यावर नवरा ताटावरून उठेचना. "मी नाय देऊ देणार," तो म्हणाला. "अक्का, तुझं काय झालं ते मी डोळ्यानं बघितलंय."

"व्हय, बघितलंस," अक्का म्हणाली. "माझं तोंड बघून भेलास. पण ते कशानं असं झालं त्येबी बघ ना. मला काय देत होते ते मला ठावं नव्हतं. किती, कधीपर्यंत, कुणाला इचारायचं, कायबी नाय. हिला काय देणार, कधी थांबवणार, सगळं त्या डॉक्टर पोरीनं कागदावर लिवून दिलंय. आपल्याला ठावं नाय ते ठावं नाय म्हणून सांगितलं तिनं. मला असं सांगणारं कुणी भेटलं असतं तर म्या असलं तोंड घेऊन फिरले असते का?"

माझा नवरा रडला. मीही रडले. अक्कानं आमची ताटं उचलली आणि आमटी पाणचट झाली होती असं सांगून मोरीकडे गेली.

आम्ही कोर्स दिला. रोज सकाळी नाश्त्यानंतर गोळी. दुसऱ्या दिवशी पोरगी इतकी चिडली की तिनं कंपास भिंतीवर फेकला, आणि नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी फोनच उचलला. बाई म्हणाल्या, हे अपेक्षित आहे, उद्या पुन्हा कळवा. तिसऱ्या दिवशी तिनं मी केलेली अर्धी पोळी खाल्ली.

या सगळ्यात अक्का स्वतःचंच काहीतरी चालवत होती. तिच्या बोटांनी आमच्या बेसिनचा घट्ट नळ फिरत नाही. ती पोरीला हाक मारायची, "ये बाय, माझे हात धुवायचेत, नळ सोड." पोरगी नळ सोडायची. अक्का हात धुवून म्हणायची, "बस." आणि पोरगी नळ बंद करायची. स्वतःचे हात धुताना तिला जे कधीच पुरेसं वाटत नव्हतं, ते आत्याच्या हातांना एका शब्दात पुरायचं. मग अक्का म्हणाली, आता तुझे धू, मी बस म्हणते. समुपदेशकांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी विचारलं, यांना कुणी शिकवलं? कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी पोरगी "बस"वर थांबली नाही. अक्का न चिडता पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली, दिवसात किती वेळा ते मला सांगता येणार नाही. मी असते तर तिसऱ्या वेळी कडाडले असते.

गोळ्या संपल्या. फरक हळूहळू पडला, आणि या वेळी हा शब्द मी जबाबदारीनं वापरते आहे. मान अजून मधूनच झटकते. हा फरक गोळ्यांनी पडला, अँटिबायोटिकनं, की अक्कामुळं, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खरं सांगायचं तर मला वेगळं करून सांगता येणार नाही.

अक्का जायच्या आदल्या दुपारी मुलगी जेवायला येताना बेसिनपाशी गेली. नळ सोडला, साबण लावला, हात धुतले आणि सवयीनं आत्याकडे बघितलं. अक्का पाटावर बसून भाकरी मोडत होती. तिनं वर बघितलं नाही. मी तोंड उघडलं तर तिनं माझ्या पायावर बोटानं टोचलं. पाणी वाहत होतं. टाकीत दोन दिवसांचं उरलं होतं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्याची पर्वा नव्हती.

"बस," पोरगी स्वतःशीच म्हणाली, आणि तिनं नळ बंद केला.

मग ओल्या हातांनी येऊन ती आत्याच्या शेजारी बसली आणि तिच्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलून खाल्ला. अक्काचा तो सुजलेला गोल चेहरा मी इतकी वर्षं जपून, तिरक्या नजरेनं बघत आले होते. त्या दिवशी समोरून बघितला. मला तिच्या पाया पडायचं होतं, पण ती बोलली आधी.

"नुसती काय बघायलीस? मीठ आण."