डाव्या पायाचं माप

आमच्या गावाकडे बाजाराला निघालेल्या माणसाजवळ दुसऱ्याच्या चपलेचं माप द्यायचं तर माडाच्या खराट्यातली एक हीर, म्हणजे काडी, मोडून देतात. पाय जमिनीवर टेकवायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत हीर धरायची आणि नखाशी मोडायची. दुकानदाराच्या हातात ती दिली की काम झालं. माझ्या शाळेच्या सगळ्या चपला अशाच हिरीवर आल्या आणि त्यातली एकही धड बसली नाही. पण दोष कुणी हिरीला दिला नाही. पोरीचा पाय वाढतोय, एवढंच म्हणायचे.

तेव्हा आईसाठी बूट घ्यायचं ठरल्यावर मीही तिच्याकडे हीरच मागितली.

आई पेण तालुक्यात, गागोद्याच्या बाजूला एका गावात एकटी राहते. मी रोह्याला एका कंपनीत पॅकिंगला आहे. भात कापून झालं की त्याच जमिनीत ती वाल लावते. वाल तयार झाले की दंवातच उपटायचे, कारण ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. म्हणजे नीट दिसायला लागायच्या आत शेतात वाकायचं, तेही अनवाणी. अशाच एका पहाटे वेलांच्या खाली फुरसं होतं, आईचा डावा पाय त्या सापावर पडला आणि ते डसलं. शेजाऱ्यांनी वेळेवर पेणला नेलं म्हणून ती वाचली. पंधरा दिवसांनी घरी आली आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाल लावायचे म्हणाली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ही म्हण माझ्या आईला बघूनच कुणीतरी केली असावी.

मग मी तिच्या पायांच्या मागे लागले. आधी गमबूट आणले. त्यात घाम येतो, पाय चिकचिकतो, म्हणून तिनं त्यातला एक कोयती ठेवायला घेतला. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर जाणाऱ्या चुलतभावानं आपले जुने सेफ्टी शूज दिले. ते हातात धरूनच ती दमली. नाकापेक्षा मोती जड. शिवाय लेस बांधायला कोण वाकणार, हा तिचा प्रश्न होता आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर रोह्याच्या एका चपलांच्या दुकानात वरच्या फळीवर धूळ खात होतं. पोटरीपर्यंत येणारे, तपकिरी चामड्याचे काऊबॉय बूट. कुठल्याशा नाचाच्या पथकानं मिरवणुकीसाठी मागवले आणि नेलेच नाहीत, असं दुकानदार म्हणाले. लेस नाही, चेन नाही, वर दोन बाजूंना दोन पट्टे. पट्टे धरायचे, पाय आत सोडायचा, झालं. घोड्यावरच्या माणसांसाठी केलेली ही वस्तू माझ्या लुगड्यातल्या आईसाठीच केल्यासारखी मला दिसली.

दुकानदार साठीचे, सावकाश बोलणारे. कुणासाठी हवेत ते ऐकल्यावर हसले नाहीत. त्यांनी मला बूट कसा निवडायचा ते शिकवलं. बोटानं दाबलं की बारीक सुरकुत्या पडतात ते चामडं, नाही पडल्या तर रेक्झिन. तळवा नुसता चिकटवलेला नको, शिवलेला हवा, म्हणजे उसवला तरी पुन्हा शिवता येतो. पुढून टोकदार जोडी दिसायला झोकदार, पण अनवाणी चालून पसरलेली बोटं तिच्यात मावणार नाहीत, म्हणून गोल तोंडाची घ्यायची. बुटाची टाच बुटकी. चालताना पायाची टाच आत किंचित उचलली गेली तर चालेल, पण पायाच्या वरच्या उंचवट्यावर बूट नीट बसला पाहिजे. एवढं सगळं सांगून त्यांनी पायाचं माप मागितलं. मी पर्समधून हीर काढून दिली.

"ही लांबी झाली," ते म्हणाले. "पाय कुठाय?"

पाय गावाला होता. मी त्यांना आत्मविश्वासानं सांगितलं की रुंद आहे, पण चांगला आहे. हीर लावून त्यांनी एक जोडी काढून दिली.

शनिवारी संध्याकाळी मी घरी पोचले. आईनं बूट उलटेपालटे करून पाहिले, नाक मुरडलं, आणि हे घालून मी पाटलीण दिसेन की दरोडेखोर, असं विचारलं. पण उजवा पाय सरळ आत गेला. ती उभी राहिली, पाय आपटून पाहिला. चेहऱ्यावरून कळत होतं की आवडलाय. डावा घाल म्हटलं तर म्हणाली, सकाळी घालीन. मी म्हटलं, आत्ताच घाल. ती चुलीकडे जायला निघाली. मी तिला धरून बसवलं आणि स्वतःच बूट चढवायला घेतला. पाय अर्ध्यातच अडकला. तिनं ओठ दाबून धरले.

लुगडं वर केलं तेव्हा, ती दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा, मी तो पाय पाहिला. घोट्याभोवती सूज, कातडी ताणलेली, चकचकीत. दर महिन्याला मी घरी येत होते, आणि ती दर वेळी लुगडं पाऊल झाकेल असं सोडून बसत होती. हीर मागितली तेव्हाही आत जाऊन, पाठमोरी बसून तिनं ती मोडून आणली होती, उजव्या पायाची. कुठल्या पायाची, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

मी भडकले. फार बोलले. जमीन अर्धेलीनं दुसऱ्याला कसायला देऊन टाकते, उद्याच्या उद्या रोह्याला चल, असंही बोलले. ह्याच बोलण्याच्या भीतीनं तिनं वर्षभर पाय लपवला होता, हे मला बोलताना कळत होतं आणि तरी तोंड थांबत नव्हतं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "वाल नाय उपटायचं, तर मी सकाली उठू कशाला?"

 मी तिच्या पायाशी बसून रडले.

दुसऱ्या दिवशी आमचा करार झाला. तिनं पाय डॉक्टरांना दाखवायचा, आणि मी जमिनीचं नाव काढायचं नाही. सोमवारी मी रजा टाकली आणि तिला पेणला नेलं. डॉक्टरांनी पाय तपासला, औषध दिलं, कामाच्या मधे मधे पाय वर घेऊन बसायला सांगितलं आणि अनवाणी शेतात जायचं नाही, असं बजावलं. मग मी बूट घेऊन चांभारकाम करणाऱ्या एका काकांकडे गेले. डाव्या बुटाची शिवण उसवून तिथे चामड्याची पट्टी बसवता येईल, पण पाय बघितल्याशिवाय कात्री लावणार नाही, असं ते म्हणाले. आणि पाय संध्याकाळचा हवा, दिवसभर फिरून सुजलेला. सकाळच्या पायाला बसलेला बूट संध्याकाळी छळतो.

आम्ही दिवसभर पेणमध्येच थांबलो. संध्याकाळी आई त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. माझ्यापासून वर्षभर झाकलेला पाय या परक्या माणसासमोर ती कसा दाखवणार, म्हणून मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात तिनं लुगडं सावरलं आणि डावा पाय पुढे केला.

"पयला ह्यो बघा," ती म्हणाली.

शिमग्याच्या आधी वाल उपटायला मी रजा काढून गेले. आईनं पट्टे ओढून बूट चढवले, लुगडं वर खोचलं आणि बॅटरी घेऊन पुढे निघाली. मला हसू येत होतं आणि फार बरंही वाटत होतं. बांधावरून ती शेतात उतरली, मागोमाग मी. चार पावलं गेल्यावर ती थांबली आणि वळून तिनं बॅटरी माझ्या पायांवर धरली. कंपनीच्या बसला जाताना घालते त्या पातळ सॅंडल होत्या, बोटं सगळी उघडी.

तिनं मला बांधावर पाठवलं. ऊन येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले आणि तिनं वाल एकटीनं उपटले. घरी आल्यावर वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण तिनं खराट्यातून दोन हिरी ओढून काढल्या, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "दोनी पाय पुढं कर."