सरकारवर दावा लावायला सरकारचीच परवानगी

नीलांबरी पटवर्धनबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी: तिला माफी मागायची खोड होती. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत साहेबांनी शिकवलेलं, गिऱ्हाइकाची तक्रार आली की चूक कुणाची ते मागाहून बघायचं, ईमेलची सुरुवात मात्र 'गैरसोयीबद्दल मनापासून क्षमस्व' अशीच करायची. पुढे नवऱ्यामागून ती नेदरलँड्सला आली, कापेल आन डेन आयसेलमधल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत तिने स्वतःचा सॉफ्टवेअरचा व्यवसाय उभा केला, तरी खोड काही सुटली नाही.

त्याच खोडीने तिला गोत्यात आणलं. अमेरिकेतल्या एका राज्य सरकारसाठी ती बेरोजगार भत्त्याच्या अर्जांची वेबसाइट बनवत होती. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाने तिथल्या लोकांच्या धडाधड नोकऱ्या गेल्या, आणि घायकुतीला आलेल्या सरकारी खात्याने हिची चाचणी पुरी व्हायच्या आतच वेबसाइट खुली करून टाकली. 'थांबा, अजून तयार नाही,' असं हिने स्वच्छ कळवलं होतं. ऐकतंय कोण! पहिल्याच सकाळी साइट कोसळली. हिने सवयीने 'मनापासून क्षमस्व' लिहून पाठवलं. खात्याने तेवढीच ओळ उचलून वर्तमानपत्रांना दिली: ठेकेदाराने चूक कबूल केली आहे.

झालं! बातमी इंटरनेटवरून इकडेही पोचली, आणि नेदरलँड्समधल्याच टिलबर्गच्या एका कंपनीने ठरलेलं काम काढून घेतलं. बाकीचे फोन उचलेनात. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव आठवड्याभरात मातीत गेलं.

"मी कोर्टात जाणार," ती म्हणाली.

"जाता येणार नाही," अमेरिकेतल्या वकीलबाईंनी व्हिडिओवर सांगितलं. "या राज्यात सरकारवर असा दावा लावायचा तर आधी विधिमंडळाची परवानगी लागते."

"म्हणजे ज्याच्याशी भांडायचं, त्यालाच विचारायचं, भांडू का म्हणून?"

"हो. आणि विधिमंडळ आता थेट जानेवारीत बसेल."

नातीला भेटायला आलेल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकलेल्या सासूबाई, कुमुदिनीबाई, भाजी निवडता निवडता हे ऐकत होत्या. "आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा इतका कोडगा नाही हो," त्या म्हणाल्या.

जानेवारी आला, अर्ज गेला, आणि समितीपुढची सुनावणी लागली ती एप्रिलमध्ये. तीही व्हिडिओवरच. तिकडे सकाळ, इकडे चहाची वेळ. नीलांबरीने वर सिल्कचा कुडता घातला, खाली घरातली पँट तशीच.

"नीलू, सुरुवातीला जरा नमतं घे," नवरा श्रीनिवास म्हणाला. "तुमचा वेळ घेतला, सॉरी, वगैरे."

"तू गप्प बैस रे," विमानं सुरू झाल्यावरही मुक्काम वाढवलेल्या कुमुदिनीबाई कडाडल्या. "नमतं घेऊनच ही वेळ आलीय तिच्यावर."

समितीचे अध्यक्ष म्हणजे एक वयस्क, आंबट चेहऱ्याचे गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, माफी तुम्ही स्वतः मागितलीत. मग आता दावा कसला?"

नीलांबरीच्या जिभेच्या टोकावर 'सॉरी' आलंच होतं. तिने ते गिळलं. "सर, आम्हाला शिकवतातच तसं. समोरच्याला त्रास झाला की आधी माफी मागायची. ती कबुली नसते."

"ही कसली पद्धत? असं कोणी..." अध्यक्षांचे ओठ हलत राहिले, आवाज गेला. मग खरखर झाली. "सॉरी, सॉरी! येतंय का ऐकू?"

"येतंय," नीलांबरी म्हणाली. "सर, आत्ता तुम्ही सॉरी म्हणालात. इंटरनेट तुम्ही बंद पाडलंत का?"

एक सदस्या मोठ्यांदा हसल्या. अध्यक्ष काही हसले नाहीत. "मुद्दा लक्षात आला," एवढंच म्हणाले.

मे संपता संपता परवानगी मिळाली. पत्राच्या खाली ठळक अक्षरांत होतंच, की सरकारला यातलं काहीही मान्य नाही.

"जिंकलीस?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"नाही आई. भांडायची मुभा मिळाली."

"एवढ्यासाठी वर्ष घालवलं मेल्यांनी? मग भांड आता नीट."

नीलांबरी वकीलबाईंना लिहायला बसली. उत्तराला जरा उशीर झाला होता, आणि बोटांनी आपणहून टाइप केलं, 'उशिराबद्दल मनापासून...'

"पूस ते," मागे उभ्या कुमुदिनीबाई म्हणाल्या.

तिने पुसलं, आणि एकच ओळ पाठवली: दावा दाखल करा.