पैलवानाची ताकद आणि सरकीची ढेप

लढाईच्या दिवसांत धामणगाव स्टेशनात गोऱ्या सोल्जरांनी भरलेल्या गाड्या थांबत. माझा मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकदा त्याने खिडकीतून एका सोल्जरला चार संत्री दिली आणि त्याने मामाच्या हातात एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक ठेवलं. प्रत्येक पानावर एकच माणूस आभाळात उडत होता. अंगात हिरवी घट्ट तुमान, तिच्यावर पिवळी चड्डी, पाठीवर चादर. सुरुवातीची पानं मात्र फाटलेली होती. म्हणजे तो उडायला कसा लागला, हे कोणालाच कळेना.

आमचं भाजीचं दुकान होतं. आईने मेथीची जुडी बांधता बांधता पुस्तक पाहिलं आणि म्हणाली, "उडाचं राहू दे. याची चड्डी वरतून काहून हाये, ते सांग आधी."

मामाला ते फार लागलं. त्याने फाटलेल्या पानांवरची चित्रं स्वतःच काढायची ठरवली. रंग पाट्यांचा, कागद संत्र्यांच्या पेट्यांतला. त्याच्या कथेत तो माणूस शेंदूरजना घाटचा माळी होता. आंघोळीला निघालेला असताना तो अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवर बसला. बसला तसा उडाला, तो खाली आलाच नाही. जाता जाता दोरीवरून हाताला लागेल ते ओढून अंगात चढवलं, म्हणून चड्डी वरून. चादर शेजारणीची.

बाजाराच्या दिवशी मामाने ती चित्रं आमच्या दुकानावर सुतळीने टांगली. वांगी घ्यायला आलेली माणसं वांगी विसरून पाहत राहिली. "आता दुसऱ्या कोनाचं काढ!" अशी मागणी झाली.

दुसरा भाग मामाने गावच्या पैलवानावर काढला. हा पैलवान चिखलात रुतलेली बैलगाडी एकटा बाहेर काढायचा. मामाने दाखवलं की लहानपणी त्याने गाईची सरकीची ढेप खाल्ली आणि तिथून ताकद आली. चित्रात तो गाईशेजारी रांगत होता आणि गाय त्याच्याकडे रागाने बघत होती.

पैलवान दुकानासमोर येऊन उभा राहिला. मी कोबीच्या ढिगामागे गेले.

"म्या ढेप खाल्ली? कोनं सांगतलं तुले?"

"कोनंच नाई," मामा चाचरत म्हणाला. "आपली कल्पना केली."

तेवढ्यात पैलवानाची आई पिशवी घेऊन भाजीला आली. तिने चित्र जवळून पाहिलं आणि हरखून गेली. "अवं बाई, बराबर काढलं! टोपल्यात तोंड घालूनच बसे हा. गाय उपाशी राहे."

सगळा बाजार हसला. पैलवानाने मान खाली घातली. मग मामाच्या कानाशी वाकून म्हणाला, "बरं, ढेप राहू दे. पन मलेबी चादर दे."

मामाने चित्रात त्याला जांभळी चादर काढून दिली. इथवर ठीक होतं. पण पैलवान पुढे नांदगाव खंडेश्वरच्या कुस्तीला खरोखरच जांभळी चादर पांघरून गेला. लोकांना दाखवत आखाड्याला फेरी मारताना स्वतःच्याच चादरीवर पाय पडला आणि तोंडावर आपटला. सलामी व्हायच्या आतच समोरचा गडी ओरडला, "जितलो!"

"आंधी हात तर मियव!" पैलवान मातीतूनच ओरडला.

पंचांनी बराच खल करून चादर जप्त केली. मग कुस्ती झाली आणि पैलवान जिंकला. मामाला खांद्यावर घेऊन तो गावभर नाचला. मामा उंचीला घाबरायचा. तो डोळे मिटून "उतरव रे बापा" म्हणत होता.

पुढे मामाला अकोल्याच्या एका नाटक मंडळीत पडदे रंगवायचं काम मिळालं आणि तो गेला. तिसरा भाग मी काढायला घेतला, आईवर. एका हाकेत अख्खा बाजार गप्प करायची ताकद तिला कुठून आली, हा विषय. आईने चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"माह्यं नाक एवढं मोठं हाये का वं?" तिने विचारलं, आणि मला पालक निवडायला बसवलं.