गेटवर उभा असलेला दादा

रविवारी आकुर्डीच्या चर्चमध्ये पाळकांनी योसेफाची गोष्ट सांगितली. भावांनी त्याला विकलं, पण पुढे तो मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात तेच भाऊ त्याच्याकडे धान्य मागायला आले, तेव्हा तो त्यांच्या गळ्यात पडून रडला. ऐकताना मला चाकणच्या कंपनीचं गेट आठवलं.

वडील गेल्यावर मला घराबाहेर काढणारा माझा थोरला भाऊ तिथे नोकरी मागायला आला होता. मी सुपरवायझर होतो. मी मुद्दाम त्याला दोन तास उन्हात ताटकळत ठेवलं. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पोरांसाठी आलोय रे," तो म्हणाला.

"जागा नाही, दादा."

जागा होती. तो खाली मान घालून परत निघाला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

रविवारीही आठवून तेवढंच बरं वाटलं. पाळकांकडे मात्र बघवेना.